रॉस्कोच्या मागे राहिलेल्या गाड्या

"केक खायला घातलास? त्या माणसाला? माझ्या भावाच्या ताटलीत?"

"ताटली रॉस्कोची नव्हती. रॉस्कोच्या ताटल्या वरच्या फळीवर आहेत. आणि आवाज जरा खाली घे ओझेला, शेजारच्या खिडक्या उघड्या आहेत."

"असू देत उघड्या! ऐकू दे सगळ्या अटलांटाला! मी इकडून वळतेय आणि तुझ्या दारातून कोण बाहेर पडतंय? तोच लाल ट्रक. टपावर तीच शिडी. दारावर तीच अक्षरं, हॅगुड पन्हळी आणि छप्पर. आणि वर तो मला हात करतो. हसून!"

"मग तू केलास का हात?"

ओझेलानं खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"केलास ना?"

"सवयीनं गेला वर. समोरच्यानं हात केला की आपला जातो, त्यात माझा काय दोष?"

"त्या दिवशीही सवयच नडली तुला. पुढे लागलेले दिवे दिसले की निघाली मागे."

"काढलंस ना! काढलंस शेवटी! सहा महिने मी वाट बघतेय, आज काढते की उद्या काढते."

"रांगेच्या पुढे आपली शववाहिका आहे की शिडीचा ट्रक, एवढं माणसानं बघू नये?"

"एप्रिल होता वर्लीन! झाडांनी पिवळी धूळ सोडलेली. अख्खं शहर तळायच्या माशासारखं मक्याच्या पिठात घोळलेलं. काळी गाडी पिवळी, लाल गाडी पिवळी, माझी पांढरी टोपीसुद्धा पिवळी. काचेवर वायपर फिरतोय, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि पुढे दोन दिवे. तू असतीस तर काय केलं असतंस?"

"मी मोजल्या असत्या शिड्या."

मी दोघींच्या मधे टेबलाशी बसले होते आणि उरलेल्या केकचा तुकडा हळूच माझ्याकडे ओढत होते. वर्लीन गेदर माझी घरमालकीण. तिच्या तळघरात मी सात वर्षं भाड्यानं राहतेय. ओझेला तिची नणंद. या दोघींचं भांडण लागलं की उठून जायचं नसतं. उठलं तर दोघी मिळून विचारतात, तुला काय झालं?

मिस वर्लीन, इथं वयानं मोठ्या बाईला असंच म्हणतात, मग तिचं लग्न झालेलं असो की नातवंडं, तर मिस वर्लीननं एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. मान न वळवता, नुसत्या आरशात बघून, शेवटच्या बाकावर कोण कोणाच्या केसांत च्युइंगगम चिकटवतंय हे ती सांगायची. मला गाडी तिनंच शिकवली. तिचे नियम साधे. पीचट्री नावाचा रस्ता सांगितला तर आधी विचार, कुठला, कारण या गावात ज्याला दुसरं नाव सुचलं नाही त्यानं रस्त्याला पीचट्री म्हणून टाकलंय. कुणी म्हणालं, जुन्या थिएटरपाशी वळ, तर ते थिएटर पाडलेलं असणार हे धरून चाल. रस्त्यातल्या लोखंडी पत्र्यावरून जाताना जीभ दातांत धरू नकोस. आणि कुणी आपल्याला रांगेत पुढे शिरू दिलं तर आभाराचा हात वर कर. या शेवटच्या नियमाला तिच्याकडे माफी नव्हती.

एकदा तिनं एका चकचकीत गाडीवाल्याला रांगेत घेतलं. त्यानं हात केला नाही. मिस वर्लीनला दूध आणायला जायचं होतं. दूध राहिलं. शहराभोवतीच्या गोल महामार्गावरून अर्धा फेरा ती त्याच्या मागे गेली, तो त्याच्या ऑफिसच्या वाहनतळावर थांबल्यावर उतरली, त्याच्या काचेवर टकटक केलं. त्यानं घाबरून काच खाली केली.

"आभार कसले त्यात," ती गोड हसून म्हणाली, आणि परत फिरली.

एका न केलेल्या हाताची ही गोष्ट. हॅगुडनं तर तिच्या नवऱ्याच्या मयतीत गाडी घातली होती.

इथं अंत्ययात्रा म्हणजे गाड्यांची रांग. सगळ्यांचे दिवे लावलेले, बॉनेटवर छोटे जांभळे झेंडे. ती येताना दिसली की समोरून येणारासुद्धा रस्त्याच्या कडेला थांबतो. एरवी हेच लोक चुकीच्या बाजूनं ओव्हरटेक करतात, मांडीवर ताट घेऊन जेवत गाडी चालवतात, पण मयतीला थांबतात. टोपी काढतात. मेलेला कोण हे विचारत नाहीत. लाल सिग्नलसुद्धा तिच्यासाठी नसतो.

एप्रिलमध्ये रॉस्को गेला. पुढे शववाहिका, मागे मिस वर्लीनची ब्यूक, शेजारी मी, आमच्या मागे चर्चची व्हॅन आणि बाकी गाड्या. गिरणीच्या चौकाच्या अलीकडे एक ट्रक बाजूच्या गल्लीतून आला आणि आमच्या आणि व्हॅनच्या मधे घुसला. भरदिवसा दिवे लावून. पुढच्या चौकात आम्ही सरळ गेलो. तो उजवीकडे वळला. आणि त्याच्या मागे व्हॅन, व्हॅनमागे ओझेला, ओझेलामागे सगळे.

एकतीस वर्षं आरशात बघणाऱ्या बाईनं त्या दिवशी एकदाही आरशात पाहिलं नाही. ती पुढेच बघत होती. पुढे रॉस्को होता.

दफनभूमीत उतरलो आणि मागे वळून पाहिलं तर रस्ता रिकामा. खांदा देणारे सहाही जण त्या व्हॅनमध्ये. गाणारा संच व्हॅनमध्ये. शेवटी शववाहिकेचा ड्रायव्हर, खड्डा खणणारे दोघे, कंबर धरलेले पाद्री, मी, आणि उंच टाचांच्या बुटांतली मिस वर्लीन, आम्ही रॉस्कोला उचललं. रॉस्को अंगानं भारी होता. चढावर एकदा तो आमच्या हातून घसरला. मिस वर्लीन म्हणाली, "सांभाळून, सांभाळून, त्याला झोपेत हलवलेलं आवडत नाही."

मागून दुसरी मयत आली होती, थांबता येणार नव्हतं. रॉस्कोला मातीत ठेवलं तेव्हा त्याची सख्खी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला एका हार्डवेअरच्या दुकानासमोर पांढरे हातमोजे घालून, हातात फुलांचं चक्र घेऊन उभी होती. ट्रकवाला उतरून, मागे न बघता, आत निघून गेला होता. दुकानातली बाई बाहेर येऊन म्हणाली, "काय शोधताय मॅडम?"

ओझेला म्हणाली, "माझा भाऊ."

तेव्हापासून दोघींचं हे चाललंय. ओझेला म्हणते, तू आरशात का नाही पाहिलंस. वर्लीन म्हणते, तू पुढे का नाही पाहिलंस. दोघींनाही ठाऊक आहे की चूक तिसऱ्याची आहे, पण तिसरा हाताशी नव्हता. आज दुपारी तो या टेबलाशी बसून केक खाऊन गेला होता.

"बोलावलं कशाला त्याला?" ओझेला खुर्चीत बसली. आवाज उतरला होता. "तुझ्या पन्हळी धड आहेत. रॉस्कोनं बसवल्यात."

"आत्ता आहेत धड. मी काल शिडीवर चढून एक सोडवली."

"गुडघे असले असून शिडीवर चढलीस?"

"चढले. मग त्याला फोन केला. आला. ती बसवली. गोड चहा दिला. केक दिला. म्हटलं, अख्खा दिवस गाडी चालवत असशील रे बाबा. म्हणाला, हो मॅडम, म्हणून दिवसासुद्धा दिवे लावून ठेवतो, सुरक्षित असतं."

"सुरक्षित!"

"मी म्हटलं, देव तुझं भलं करो."

ओझेला पहिल्यांदा हसली. या गावात बायका हे वाक्य शिवीच्या जागी वापरतात, ते तिला मी सांगायला नको होतं.

"पुढे ऐक. शनिवारी फुटबॉलची मॅच आहे."

"विद्यापीठाची? अथेन्सला?" अथेन्स म्हणजे इथून दीड तासावरचं विद्यापीठाचं गाव.

"अथेन्सला. त्याच्या बापापासूनची राखीव जागा आहे त्याची. आजवर मॅचची सुरुवात एकदाही चुकलेली नाही म्हणाला. बायकोच्या बहिणीच्या लग्नातून उठून गेला होता. सकाळी नऊला घरातून निघतो."

"राहतो कुठं?"

"आपल्याच रस्त्यावर."

"आपल्या?"

"पलीकडे गं. चौकापुढे त्याचं नाव बदलतं ना, तिकडे."

इथं एकच रस्ता मधेच नाव बदलतो. पलीकडच्या गोऱ्या लोकांना आपल्या पत्त्यावर इकडच्या काळ्या वस्तीच्या रस्त्याचं नाव नको होतं, म्हणून फार पूर्वी बदललं. डांबर तेच, खड्डे तेच.

ओझेलानं केकची ताटली माझ्या हातातून काढून घेतली, एक घास घेतला आणि विचार करत चावला.

"मयतीला कुणी आडवं जात नाही," ती म्हणाली.

"जात नाही. तो एक सोडून. आणि या वेळी त्याचा मोहल्ला व्हरांड्यात बसून बघत असेल."

"वर्लीन, पण मेलेलं माणूस कोण?"

"रॉस्को. दुसरं कोण? त्याची मयत अजून पुरी कुठे झाली? अर्धी माणसं हार्डवेअरच्या दुकानात राहिली. मला ती रांग पुरी करायचीय. आणि ज्यानं तोडली ना, त्याच्याच समोर, त्याच्याच शनिवारी."

"माफी मागायला लावायचंय?"

"माफी फुकट असते. मला त्याची सुरुवात हवी. त्यानं माझा शेवट घेतला."

झेंडे आणायला मी तिच्याबरोबर गेले होते. अंत्यविधीच्या दुकानाचे मालक वयस्कर, अदबशीर. हातातलं काम ठेवून उभे राहिले. "कोण गेलं मिस वर्लीन?"

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. "दहा झेंडे द्या."

शनिवारी सकाळी हॅगुडच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर विद्यापीठाचा लाल झेंडा. तो ड्राइव्हवेच्या तोंडाशी आला होता. लाल जर्सी, लाल टोपी, ट्रकवर लाल झेंडा, मागे शीतपेटी आणि कोळशाची शेगडी. बाहेर काढणार तेवढ्यात डावीकडून आमची ब्यूक आली. दिवे लावलेली, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. माझ्या मांडीवर रॉस्कोची करडी हॅट. आमच्या मागे चर्चची व्हॅन. मग ओझेला. मग बाकी सगळे, एप्रिलमध्ये होते त्याच क्रमानं, पांढऱ्या कपड्यांत.

समोरच्या घरातला माणूस हिरवळ कापत होता, त्यानं यंत्र बंद केलं. हॅगुडनं ब्रेक दाबला. टोपी काढून छातीशी धरली. सगळे गेले. त्यानं टोपी घातली.

मागच्या गल्लीनं वळसा घालता येत होता. आम्ही पुन्हा डावीकडून आलो.

त्यानं पुन्हा टोपी काढली. या वेळी जरा हळू. व्हॅन गेली तेव्हा त्यानं घड्याळ पाहिलं. ओझेलाच्या टोपीवर एवढं मोठं जांभळं पीस होतं, ते मुद्दामच होतं. ते दिसलं तशी त्याची मान पिसाबरोबर वळत गेली.

तिसऱ्या वेळी पिसाकडे बघून त्यानं हॉर्नवर हात ठेवला. वाजवला नाही. पण ठेवला. आणि तेवढ्यात व्हरांड्याचं जाळीचं दार आपटलं.

"डेल एव्हरेट हॅगुड!"

इथं आईनं पूर्ण नाव घेतलं की माणूस कितीही मोठा असो, पाच वर्षांचा होतो. काठी टेकत एक म्हातारी पायऱ्या उतरली. अंगात लाल स्वेटर, केस नुकतेच गुंडाळलेले.

"मयतीसमोर हॉर्नवर हात? मी पाहिलंय!"

"मम्मा, ही तीच तीच माणसं आहेत. तिसऱ्यांदा आलीत."

"मग मोठा माणूस गेला असेल. तुझ्या मयतीला एका फेऱ्यापुरत्या तरी गाड्या येतील का?"

मिस वर्लीननं ब्यूक बरोबर त्याच्या नाकासमोर थांबवली. काच खाली केली.

"सुप्रभात मॅडम," ती म्हातारीला म्हणाली.

"सुप्रभात. फार वाईट वाटलं हो. कोण गेलं?"

"माझे यजमान."

"अरेरे. कधी?"

"एप्रिलमध्ये."

म्हातारी थांबली. हॅगुड ट्रकमधून उतरला. मिस वर्लीनला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही! केकवाल्या बाई! पन्हळीचं काही असेल तर सोमवारी बघतो मॅडम, आज मला जरा..."

"एप्रिलमध्ये," मिस वर्लीन म्हातारीशीच बोलत राहिली, "आम्ही त्यांना घेऊन चाललो होतो. एक लाल ट्रक मधे घुसला. मागची सगळी माणसं त्याच्या मागे गेली. यजमानांना खांदा द्यायला कुणी उरलं नाही. मी दिला."

म्हातारीनं ट्रककडे पाहिलं. ट्रकवरच्या शिडीकडे पाहिलं. मग पोराकडे.

"डेल?"

"मम्मा, शपथ, मला आठवत नाही." त्यानं खरंच आठवायचा प्रयत्न केला, कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, मी खोटं नाही बोलत. रोजच कुणाच्या तरी पुढे घुसावं लागतं. या गावात त्याशिवाय पोचता येतं का? त्यातलं हे कुठलं, ते..."

मिस वर्लीनचे हात स्टिअरिंगवर होते. सहा महिने ती त्याला झोपेत, जागेपणी, भाजी चिरताना शिव्या देत होती. आणि त्याच्या ते गावीही नव्हतं.

"आठवत नाही," ती म्हणाली. "बरं. आठवण मी देते. बस ट्रकमध्ये."

"मॅडम, माझी मॅच..."

"बस म्हणाल्या ना त्या," म्हातारी म्हणाली. तिनं आवाज चढवलाही नाही.

"व्हॅनच्या पुढे, माझ्या मागे," मिस वर्लीन म्हणाली. "तिथंच घुसला होतास. दिवे लाव." मग जरा थांबून, "नको. तुझे लागलेलेच असतात."

व्हॅन मागे सरली, तेवढीच जागा झाली. समोर हिरवळवाला, शेजारचे नवराबायको, पलीकडची कुत्रं धरलेली बाई, सगळे बघत होते. हॅगुडनं ट्रक बाहेर काढला आणि त्या जागेत घातला.

मग आम्ही निघालो. मिस वर्लीन तशी हळू चालवत नाही, पण त्या दिवशी कासवानं आम्हाला मागे टाकलं असतं. सारा गाव मॅचला निघालेला, गाड्यागाड्यांवर लाल झेंडे, आणि एकेक करून सगळे कडेला थांबत होते. मालाच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून उभा राहिला. चौकात पोलिसानं चारी रस्ते अडवून आम्हाला सोडलं आणि सलाम केला. ब्यूकला केला, लाल जर्सीतल्या हॅगुडलाही केला. बसथांब्यावरच्या एका बाईनं त्याच्याकडे बघून छातीवर क्रूस काढला. त्याच्या ट्रकमधून मॅचच्या आधीची बडबड ऐकू येत होती. मागून ओझेलानं हॉर्नला एकदाच टिचकी मारली. रेडिओ बंद झाला.

आता मिस वर्लीन पुढे बघतच नव्हती. तिचे डोळे आरशात होते.

"किती आहेत गं?" तिनं मला विचारलं.

"सगळे आहेत."

"सांगू नकोस, मला दिसतंय," ती म्हणाली, आणि नाक पुसलं.

दफनभूमीतला रस्ता एका गाडीपुरताच, आणि पुढे भिंतीशी संपणारा. मिस वर्लीननं ब्यूक अगदी भिंतीला लावली. तिच्या मागे हॅगुड. त्याच्या मागे सगळे, बंपरला बंपर. हॅगुडनं पुढे पाहिलं, मागे पाहिलं. त्याला काय कळायचं ते कळलं असावं, कारण त्यानं इंजिन बंद केलं.

ओझेलानं डिकीतून ते चक्र काढलं. एप्रिलमधलंच. सहा महिने तिनं ते कपाटात ठेवलं होतं. फुलं वाळून कागदासारखी झालेली. तिनं ते मिस वर्लीनकडे दिलं. मिस वर्लीननं ते हॅगुडच्या हातात दिलं.

"चढ आहे," ती म्हणाली. "घसरू देऊ नकोस."

तो पुढे चालला. त्याच्या मागे खांदा देणारे सहा जण, मोकळ्या हातांनी. चढावर हॅगुडला धाप लागली; एक पाकळी पडली तर तो थांबला, वाकला, ती उचलून पुन्हा खोचायला लागला. ओझेला म्हणाली, "राहू दे ती." मग रॉस्कोच्या दगडापाशी आल्यावर तिनं हातमोजे काढले आणि दगडावर उघडा हात ठेवला.

"आलो रे," ती म्हणाली. "वाट चुकलो होतो."

मिस वर्लीन तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी कान देऊन ऐकत होते की आता कोण कोणाला आरशाचं आणि शिडीचं काढतं. कुणीच काढलं नाही. ओझेलानं तिच्या दंडात हात अडकवला. मिस वर्लीननं माझ्याकडून हॅट घेतली, झटकली आणि दगडावर ठेवली. गाणारा संच पुढे आला. त्यांची गाणी लांब असतात, आणि एप्रिलपासूनची सगळी साठलेली होती.

दुसऱ्या गाण्याच्या मधे हॅगुड हळूच मिस वर्लीनपाशी आला. टोपी दोन्ही हातांत पिळलेली. दूर कुठल्यातरी घरातून रेडिओवरचा जल्लोष ऐकू आला. मॅच सुरू झाली होती. त्याची मान तिकडे वळली, आणि त्यानं ती परत आणली.

"मॅडम," तो म्हणाला, "मला आजही तो दिवस आठवत नाही. पण हा आता आठवेल. जन्मभर आठवेल." तो थांबला. "मग झालं का आपलं? फिटलं का?"

मिस वर्लीननं त्याच्याकडे पाहिलं. बसच्या आरशातून शेवटच्या बाकावर बघायची, तसं पाहिलं. मग पर्स उघडली, ब्यूकची किल्ली आत टाकली आणि पर्सचा खटका लावला.

"मॅडम? माझ्या मागे सगळ्या गाड्या आहेत, मॅडम."

ओझेलानं गाण्याचं पुढचं पान उलटलं. मिस वर्लीननं पर्स कोपरात अडकवली, टोपी नीट केली आणि उतारावरून, गाड्यांच्या रांगेच्या कडेकडेनं, एकेका बॉनेटवर हात टेकत, फाटकाकडे चालत निघून गेली.